प्रश्न मला ऐकू आला होता

नाव : सरलाबाई उखा बोरसे. वय : ५४ वर्षे. धंदा : घरकाम, व घरबसल्या साड्यांचे धागे कापणे. शिक्षण : चौथी. राहणार : नवागाम, डिंडोली, सुरत. मूळ राहणार : तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे.

तारीख ७ ऑगस्ट २०२५, गुरुवार. जबाब सुरू केल्याची वेळ सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

वर नाव लिहिलेली मी सरलाबाई, कोणी बोलावलेले नसताना आपल्या पायांनी ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, मला गुजराती बोलता येते, पण लिहिता-वाचता येत नाही. म्हणून साहेबांनी मराठी जाणणारे हेड कॉन्स्टेबल श्रीरंगभाऊ यांना लिहायला बसवले आहे. गुजराती नक्कल नंतर होईल असे मला सांगितले. मी सांगेन तसेच लिहावे, सुधारून लिहू नये, अशी विनंती मी त्यांना सुरुवातीलाच केली आहे. माझे बोलणे सुधारणारे घरी पुष्कळ आहेत.

मी बत्तीस वर्षांपासून सुरतेत राहते. माझे पती उखा हे लूमच्या कारखान्यात होते. लूमच्या आवाजाने त्यांचे दोन्ही कान गेले, आता ते घरीच असतात. आम्हाला एकच मुलगा, गजेंद्र, वय २७. तो सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहे. त्याचे लग्न कडोदऱ्याच्या मुलीशी ठरले असून ते दिवाळीनंतर आहे. आमच्या घरावर एक खोली आहे. त्या खोलीत तीन वर्षांपासून छगन सोनवणे, वय ३१, हा भाड्याने राहत होता. तो पारोळा तालुक्यातला, आमच्या भाऊकीतला नव्हे आणि नात्यातलाही नव्हे. गजेंद्रनेच त्याला मिलमध्ये लावून दिले होते. दोघे एकाच गाडीवर कामाला जात. छगन मला मावशी म्हणत असे आणि माझ्या भाजीत मीठ कमी आहे हे तोंडावर सांगत असे. सोमवारी ४ ऑगस्ट रोजी तापीत बुडून मेला तो हाच छगन. त्याच्याबद्दल ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झालेली आहे. त्या नोंदीत जे लिहायचे राहिले ते सांगायला मी आले आहे.

आमच्या बोरसे भाऊकीची कानबाई दर श्रावणात माझ्या घरी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसवतो आणि सोमवारी सकाळी नदीवर नेऊन उठवतो. भाऊकीतल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेऊन प्रसादाचा रोट करतो. तो रोट भाऊकीबाहेर देत नाहीत. कानबाई म्हणजे डोळे-नाक लावून सजवलेला नारळ. तिच्या नाकात घालायची सोन्याची नथ आमच्या आजेसासूच्याही आधीची आहे. ती वर्षभर माझ्या घरी पत्र्याच्या डबीत असते. ती नथ घराबाहेर जात नाही असा दंडक आहे.

अकरा वर्षांपासून माझ्या अंगात कानबाईचे वारे येते. साहेबांनी ते कसे असते असे विचारल्यावरून सांगते की, आरतीच्या वेळी आधी पाय थंड पडतात, मग सगळे अंग थरथरते. मग काय होते ते मला कळत नाही. शुद्धीवर येते तेव्हा गजेंद्र तांब्या घेऊन समोर बसलेला असतो. लोक माझ्या पाया पडत असतात. मी काय बोलले ते मला लोकांकडूनच कळते. माझ्या तोंडच्या शब्दांवर लोकांनी सोयरिकी केल्या आहेत, मोडल्याही आहेत. एकाने लूमची नोकरी सोडून गावचा रस्ता धरला. मी कोणाला कधी काही विचारले नाही, मी आपली पाणी पिऊन कामाला लागते.

शुक्रवारी १ ऑगस्ट रोजी दुपारी दोनच्या सुमारास मी दागिने उजळायला डबी काढली, तेव्हा नथ नव्हती. मी भाऊकीतले वडीलधारे दगा आबा यांना निरोप पाठवला. संध्याकाळपर्यंत सगळी भाऊकी घरात होती. माठाखाली पाहिले, साड्यांचे गठ्ठे सोडून पाहिले, देवघराची फळी काढून पाहिली. छगन कामावरून आल्यावर त्यानेही शोधायला हात लावला. पलंग त्यानेच उचलून धरला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसे चालले होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

शनिवारी २ ऑगस्ट रोजी सायंकाळी सात वाजता मी गजेंद्रचा जेवणाचा डबा घासायला घेतला. त्याच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात कागदात गुंडाळलेली नथ होती. मी नथ ओट्यावर ठेवली. डबा घासला, पुसला, आणि नथ त्याच कागदात गुंडाळून त्याच कप्प्यात परत ठेवली. गजेंद्र त्या वेळी आंघोळ करत होता. मी त्याला विचारले नाही. का विचारले नाही, असे साहेबांनी विचारले. विचारले असते तर त्याने उत्तर दिले असते, म्हणून विचारले नाही. माझ्या मनात कडोदऱ्याची माणसे आली. कुळाच्या देवीची नथ चोरणाऱ्याला कोण मुलगी देतो? आपलेच दात नि आपलेच ओठ. त्या रात्री मी जेवले आणि झोपले. झोप लागली, हेही लिहावे.

रविवारी ३ ऑगस्ट रोजी सायंकाळी पाच वाजता कानबाई बसवली. नाकात मण्यांची नथ घातली. दगा आबांनी सगळ्यांसमोर जाहीर केले की, उद्या सकाळच्या आरतीला नथीचे कानबाई आईलाच विचारायचे. मी तेव्हा पुरण वाटत होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी वाटत राहिले. गजेंद्र दारात उभा होता, त्याने मात्र माझ्याकडे पाहिले नाही. रात्री मी छगनला वेगळी भाजी-भाकरी करून वर नेऊन दिली, कारण रोट त्याला चालत नव्हता. तो म्हणाला, “मावशी, तुमनी देवी माले दर साल उपाशी ठेवस.” मी त्याला म्हटले, लग्न कर म्हणजे तुझी बायको तुझा रोट करेल. तो हसला.

सोमवारी ४ ऑगस्ट रोजी सकाळी साडेसात वाजता आरती सुरू झाली. घरात आणि दारात मिळून चाळीसेक माणसे होती. माझे पाय थंड पडले. अंग थरथरू लागले. इथपर्यंत ते खरे होते, हे मी शपथेवर सांगते. नंतर दगा आबांनी मोठ्याने विचारले, “माय, आपला कुळनी नथ कोनी उचली, तेनं नाव सांग.”

हा प्रश्न मला ऐकू आला.

वारे अंगात असते तेव्हा मला काहीही ऐकू येत नाही. ढोल ऐकू येत नाही, माझे नाव घेतलेले ऐकू येत नाही. अकरा वर्षांत लोकांनी मला काय काय विचारले ते मी नंतर दुसऱ्यांकडून ऐकले आहे. त्या दिवशी दगा आबांचा शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांना मध्ये खोकला आला तोही ऐकू आला. म्हणजे देवी आली होती की नाही हे मी सांगू शकत नाही, पण प्रश्न विचारला तेव्हा ती नव्हती. मी एकटी होते. अंग मी त्यानंतर मुद्दाम हलवत ठेवले.

या ठिकाणी साहेबांनी मला समजावून सांगितले की, नाव घेतेवेळी तुम्हाला शुद्ध नसेल तर तो शब्द तुमचा धरता येणार नाही. मग कोणाचाच दोष उरत नाही आणि कागद अपघात म्हणून बंद होतो. साहेबांनी हे मला तीन वेळा, सावकाश विचारले. चहाही मागवला. मी तीनही वेळा सांगितले की मला शुद्ध होती. चहा मी घेतला.

साहेबांनी विचारले की, गर्दी होती, भीती होती, मुलाची काळजी होती, मग तोंडातून निघून गेले असे झाले का? तसे झाले नाही. उचलली जीभ नि लावली टाळ्याला, असे झाले असते तर मी आज देवळात बसले असते, इथे नाही. मला विचार करायला वेळ मिळाला होता. वारे आलेल्या बाईने लगेच उत्तर द्यावे अशी कोणाची अपेक्षा नसते, लोक हात जोडून थांबतात. त्या वेळात मी तीन नावे मनात घेऊन पाहिली. पहिले दगा आबांचा पुतण्या गणेश याचे. त्याला चार भाऊ आहेत, मारामारी झाली असती. दुसरे नाव अर्चनाचे. ती मला धागे कापायच्या साड्या आणून देते, घरात येते-जाते. तिला दोन लहान मुली आहेत, मन झाले नाही. तिसरे छगनचे. त्याचे सुरतेत कोणी नव्हते. त्याच्यासाठी भांडायला कोणी येणार नव्हते. मला वाटले, शिव्या खाईल, खोली सोडून दुसरीकडे जाईल, यापलीकडे काय होणार? माणूस भाजी निवडतो तसे मी ते नाव निवडले. मला हे सांगताना लाज वाटते आहे, पण त्या वेळी वाटली नव्हती.

नाव न घेता पडून राहणे हाही रस्ता मला मोकळा होता. दोन वर्षांपूर्वी मी तसे केलेले आहे. तेव्हा प्रश्न विचारायच्या आधीच वारे उतरले. मी डोळे मिटून पडले आणि लोक म्हणाले, आई रुसली. कोणाचे काही बिघडले नाही. त्या दिवशीही मी पडू शकले असते. पडले नाही.

मी म्हटले, “वरनी खोलीम्हा देखा. छगन शे.”

छगन त्या वेळी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा होता. खांद्यावर टॉवेल होता. कामावर जायच्या आधी तो आरतीला म्हणून थांबला होता. तो आधी हसला. म्हणाला, “मावशी, मस्करी करी ऱ्हायनी का?” कोणीच हसले नाही, तेव्हा त्याचे हसणे थांबले. लोकांनी वर जाऊन खोली उलटीपालटी केली. काही सापडले नाही. दगा आबा म्हणाले, सापडले नाही तर विकली असेल. एक-दोघांनी हात उगारला, तो दगा आबांनी अडवला. आमच्यात जुनी रीत आहे. ज्याच्यावर आळ आला त्याने कानबाईचा पाट डोक्यावर घ्यायचा, तापीत छातीभर पाण्यात उभे राहायचे आणि शपथ घ्यायची. खऱ्याला तापी काही करत नाही असे मानतात. छगननेच पुढे होऊन सांगितले, “मी शपथ लेस. माले कसानी भीती?”

हे वाक्य सगळे जण पोलिसांना सांगत आहेत आणि ते खरे आहे. त्याला कोणी ओढत नेले नाही. टेम्पोत तो स्वतः चढला. पण तो का चढला हे मला माहीत आहे. तीन वर्षे तो माझ्या पाया पडत आला होता. माझ्या तोंडून देवी बोलते यावर त्याचा विश्वास होता, आणि आपण नथ घेतली नाही हेही त्याला पक्के ठाऊक होते. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसतात ते त्याला तापीलाच विचारायचे होते. टेम्पोत तो माझ्या समोरच बसला होता. त्याने मला विचारले, “मावशी, देवीनी काही चूक व्हस का?” मी घोंगडी पांघरून बसले होते. लोकांना वाटले मी अजून वाऱ्यात आहे. मी उत्तर दिले नाही.

सकाळी सव्वादहा वाजता आम्ही तापीच्या ओवाऱ्यावर, म्हणजे घाटावर, पोहोचलो. उकाई धरणातून पाणी सोडल्याचे दोन दिवसांपासून सगळ्यांना माहीत होते. पाणी गढूळ होते आणि खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. दगा आबांनी छगनच्या डोक्यावर पाट दिला. छगनला पोहता येत नव्हते. हे मला, गजेंद्रला आणि छगनला, असे तिघांना माहीत होते. तो एकेक पायरी उतरत गेला. कमरेच्या वर पाणी आले तेव्हा तो थांबला. दगा आबा म्हणाले, पुरे, इथेच घे शपथ. छगनने मान वळवून गजेंद्रकडे पाहिले आणि विचारले, “गजूभाऊ, पुरं ना?”

गजेंद्र म्हणाला, “आनखी पुढे. छातीलोंग ठरेल शे.”

छगन लगेच पुढे गेला नाही. तो तसाच उभा राहिला. किती वेळ, असे साहेबांनी विचारले. घड्याळ पाहिले नाही, पण आरतीचे एक कडवे पुरे होईल एवढा वेळ नक्की होता. मी ओवाऱ्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर होते, त्याच्यापासून बारा-पंधरा हातांवर. मी हाक मारली असती तर तो परत फिरला असता. माझ्या हाकेला तो जेवण टाकून खाली येत असे. मी पदराचा बोळा तोंडात धरला होता. मग त्याने दोन पावले टाकली. तिसऱ्या पावलाला पाट तिरपा झाला आणि तो दिसेनासा झाला. गणेश आणि आणखी दोघांनी लगेच उड्या टाकल्या. गजेंद्र उभाच राहिला. पाट सापडला. छगन दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, खालच्या अंगाला सापडला.

त्याच दिवशी संध्याकाळी त्याची आई सरस्वतीबाई गावाहून आल्या. वय साठच्या पुढे असेल. मला वाटले, ही बाई माझ्या झिंज्या उपटेल. मी त्याची तयारी ठेवली होती. मला ते बरे वाटले असते. त्यांनी आल्या आल्या माझ्या पायावर डोके ठेवले. म्हणाल्या, “माय, मन्हा आंडोर चुकना. तेले पदरम्हा ले.” आंडोर म्हणजे मुलगा. नदीने नेले म्हणजे चोरी त्यानेच केली, असे त्यांनी धरून टाकले होते. पिशवीतून नारळ काढून त्यांनी माझ्या ओटीत घातला, देवीच्या अपराधाचा. मी तो घेतला. भाऊकीसमोर मला तो नाकारता आला नाही. पती उखा यांना काही ऐकू येत नाही, पण त्यांनी ते पाहिले आणि ते उठून बाहेर गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्याशाच्या आईने दंडसुद्धा भरला.

बुधवारी ६ ऑगस्ट रोजी मी दगा आबांना नथीचे सोडून बाकी सगळे सांगितले. म्हणजे प्रश्न ऐकू आला होता, नाव मी घेतले होते, एवढे. ते घाबरले. म्हणाले, “तू नही बोलनी, माय बोलनी. तुनं त्याम्हा काय?” मी म्हटले, आबा, मी खोटे बोलले. ते म्हणाले की, ते खोटे बोलणेसुद्धा आईच्याच मर्जीने झाले असेल, तिच्या मर्जीशिवाय पान हलत नाही, छगनचे आयुष्य तेवढेच होते. मी त्यांना म्हटले, तसे असेल तर मी उद्या ठाण्यात जाणार आहे, तीही तिचीच मर्जी समजा आणि मला अडवू नका. ते वाईट मनुष्य नाहीत. त्यांनी त्या दिवशी पुरे म्हटले होते.

आज सकाळी आठ वाजता मी गजेंद्रचा डबा उघडला. नथ त्याच कप्प्यात होती. तो कामावर गेला त्या त्या दिवशी ती त्याच्याबरोबर मिलमध्ये जात होती आणि परत येत होती. मी ती त्याच्यासमोर ताटात ठेवली. त्याने सांगितले की, होणाऱ्या बायकोला तशीच नथ करायची होती, म्हणून सोनाराला नमुना दाखवायला नेली होती. सोनार गावाला गेला होता. शुक्रवारी घरी येतो तो सगळी भाऊकी जमलेली, मग बोलायची हिंमत झाली नाही. म्हणाला, “मी सोमवारी गुपचूप परत ठेवनार व्हतू. तू नाव लिधं, आनि मंग कशी ठेवू?” माझा मुलगा खोटे बोलतो तेव्हा मला कळते. हे तो खरे बोलत होता. म्हणजे ती चोरी नव्हतीच. मी शनिवारी ओल्या हाताने त्याला एक शब्द विचारला असता तर छगन आज कामावर असता.

मी त्याला विचारले, पुढे जा असे तू का म्हणालास? तो म्हणाला, “देवीनं सांगेल व्हतं, मंग मी कोन नही म्हननारा?” मी त्याला म्हटले, देवी बोलली असती तर तिने तुझे नाव घेतले असते. नथ तुझ्या डब्यात होती. त्या सगळ्या गर्दीत बोलतेय ती देवी नाही, आई आहे, हे तुला एकट्याला कळले होते. बाकीच्यांनी देवीचे ऐकले. तू कोणाचे ऐकलेस? त्याने ताट बाजूला सारले. मग म्हणाला, छगन परत आला असता तर शपथ खरी ठरली असती आणि मग सगळे पुन्हा नथ शोधायला लागले असते.

यावरून साहेबांनी विचारले की, छगन बुडावा असे गजेंद्रच्या मनात होते का? मला माहीत नाही. त्यालाही माहीत असेल असे मला वाटत नाही. तो पुढे म्हणाला, पाणी इतके असेल असे वाटले नाही. मलाही छगन खोली सोडून जाईल असेच वाटले होते. आम्ही दोघांनी थोडे थोडे केले. आई नि मुलाने मिळून एका माणसाचे काम पुरे केले.

मी ठाण्यात जाते म्हटल्यावर तो मला अडवेल असे वाटले होते. त्याने अडवले नाही, उलट गाडीवर बसवून आणले. रस्त्यात एकदाच बोलला. “आई, तू फक्त एवढं सांग, माले काही याद नही. बस. बाकी कोनी काही विचारनार नही.” मी काय सांगणार ते मी त्याला सांगितले नव्हते. तो बाहेर गाडीजवळ थांबला आहे. नथ मी सोबत आणली असून ती साहेबांच्या टेबलावर पंचांसमक्ष हजर केली आहे.

लिहिता लिहिता श्रीरंगभाऊंनी पेन खाली ठेवून मला विचारले की, मग बाकीच्या अकरा वर्षांचे काय? त्यांच्या आईच्याही अंगात येते, ते अमळनेरकडचे आहेत. त्यांचा हा प्रश्नही लिहावा असे मी म्हटले, तेव्हा त्यांनी साहेबांकडे पाहून लिहिला. माझे उत्तर असे की, मला माहीत नाही. आधीचे सगळे देवीचे असेल असे मी इतके दिवस धरून चालले. आता रात्री एकेक आठवते आणि भीती वाटते. अमक्याची सोयरीक मोडली तेव्हा मी ऐकत होते का? आठवत नाही. पण छगनचे आठवते. जे आठवते त्याला मी जबाबदार आहे आणि ते मी माझ्यावर घेते. पुढच्या श्रावणात कानबाई दुसऱ्या घरी बसवावी.

मला कोणी धमकी दिली नाही, आमिष दिले नाही, मारहाण केली नाही. घरचे कोणी सोबत बसलेले नाही. हे सगळे मी माझ्या मर्जीने सांगितले. ‘माझ्या मर्जीने’ हा शब्द कागदावर छापलेलाच असतो असे श्रीरंगभाऊ म्हणाले. तरी तो मी पुन्हा हाताने लिहून घेतला आहे.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मोठ्याने वाचावा आणि दार उघडे ठेवावे अशी मी विनंती केली, ती साहेबांनी मान्य केली. एके ठिकाणी ‘देवीने नाव घेतले’ असे लिहिले गेले होते. ते मी खोडायला लावून ‘मी नाव घेतले’ असे लिहवून घेतले. त्या खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. बाकी सगळे मी बोलले तसेच उतरले आहे. त्यात मला काही कमी करायचे नाही.

वाचन तापीच्या ओवाऱ्यापर्यंत आले तेव्हा बाहेर गजेंद्रच्या गाडीचा आवाज सुरू झाला. श्रीरंगभाऊ थांबले. मी त्यांना पुढे वाचायला सांगितले. गाडी सुरूच होती, पण जागची हलली नाही. शेवटचे पान वाचेपर्यंत तो आवाज येत होता. मी सही करायला पेन घेतले तेव्हा तो बंद झाला.

सहीआधी एवढे वाढवून लिहावे : गजेंद्र दारात येऊन उभा आहे. त्याला कोणी बोलावलेले नाही.